‘कन्या १’ हिचं नाव काय होतं? जुन्या नोंदींची सूची करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्याच्या पुराभिलेख खात्यात, जिल्ह्यांच्या अभिलेख कक्षांत आणि देशोदेशींच्या संग्रहांत बसून जुन्या वह्यांची सूची तयार करणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात एक वंशावळ आहे. मागून मांजरपाट चिकटवलेला लांबट कागद, त्यावर मोडीतला मूळ मजकूर आणि खाली आजोबांनी बालबोधीत उतरवून घेतलेली नक्कल. माझ्या खापरपणजोबांची आणि त्यांच्या तीन भावांची नावं एका रेघेवर आहेत. त्याच रेघेच्या टोकाला, त्याच आईबापांच्या पोटची म्हणून, नुसतं ‘कन्या १’ असं लिहिलं आहे. नाव नाही, कुठल्या घरी दिली ते नाही, गाव नाही. आजीला विचारलं तर ती एवढंच सांगायची, “ती संध्याकाळची खाडीवर गेली नि बुडाली. नको विचारू.”

ती बुडाली नव्हती. ती मॉरिशसला गेली होती. तिथे तिनं दुसरं लग्न केलं आणि त्या लग्नाच्या नोंदीत आपल्या बापाचं नाव नि गाव सांगून ठेवलं. हे कळायला मला अकरा वर्षं लागली. मी चुकीच्या वह्या धुंडाळत होते असंही नाही. वही होती, वहीत पान होतं, पानावर ती होती. सूचीत मात्र ती नव्हती. म्हणून हे पत्र.

आपण करता ते काम किती वेळखाऊ आणि डोळ्यांवर ताण आणणारं आहे, याची मला कल्पना आहे. मी मोडी शिकले तेव्हा पहिले सहा महिने एकेका ओळीला अर्धा तास घालवत असे. त्यामुळे तक्रारीचा सूर लावायचा नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. पण सूची करताना एखादा रकाना गाळला तर पुढे काय होतं, हे ज्यांनी तो रकाना शोधत वर्षं काढली त्यांनी सांगायला हवं.

मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली ती १ फेब्रुवारी १८३५ला. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अॅटलास’ नावाचं जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. उसाच्या मळ्यांना हात हवे होते आणि ते करारावर हिंदुस्थानातून मिळणार होते. अॅग्रीमेंट या शब्दाचं ‘गिरमिट’ झालं आणि करारावर गेलेला तो ‘गिरमिटिया’. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं एकट्या मॉरिशसला उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेली. मुंबईहून गेलेली त्यामानानं थोडी, पण त्यांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येनं होती. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भागही त्यातच. पोर्ट लुईच्या बंदरावरच्या त्या दगडी पायऱ्या, आजचा आप्रवासी घाट, युनेस्कोनं २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केल्या. त्या चढून आलेल्यांच्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात आहेत.

प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. १८६०च्या दशकात फोटोही काढू लागले. हे सगळं ज्या कारणानं लिहिलं गेलं ते काही भलं नव्हतं. मजूर पळाला तर धरता यावा, एवढ्यासाठी ही खूण आणि हा फोटो. पण आज त्याच खुणांवरून एखाद्या घराला आपला माणूस परत मिळतो.

आता नावाचं पाहा. कारकून इंग्रजी लिपीत, कानाला ऐकू येईल तसं लिहून घेई. आडनाव विचारलंच जात नसे. पुढच्या पिढीत बापाचं किंवा आजाचं पाळण्यातलं नावच आडनाव होऊन बसलं. म्हणून तिकडे आज रामजी, सखाराम अशी आडनावं भेटतात. मूळचं आडनाव कधीच गळून पडलेलं असतं. इकडच्या घरात मात्र शोध सुरू होतो तो आडनावापासून. दोन्ही बाजू मनापासून शोधतात आणि दोघांच्या हातात वेगवेगळ्या कुलपांच्या किल्ल्या असतात.

पुरुषाचं हे, तर बाईचं काय सांगावं! आपल्याकडे कित्येक घरांत लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. माहेरची गंगू सासरची जानकी झाली की माहेरच्या वंशावळीत ‘कन्या १’ राहायची आणि सासरच्या वंशावळीत फार तर ‘स्त्री’. त्यात आणखी एक गोम आहे. ती मला पहिली काही वर्षं लक्षातच आली नाही. आपल्याकडे बाईला पूर्ण नाव विचारलं की ती आपल्या नावापुढे नवऱ्याचं नाव सांगते. वहीत रकाना असतो बापाच्या नावाचा. ज्या कारकुनाला मराठी रीत ठाऊक नाही तो ते दुसरं नाव बापाच्या रकान्यात टाकून मोकळा होतो. आमच्या खापरपणजोबांच्या बहिणीच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. जहाजाच्या वहीत ती सासरच्या नावानं होती आणि ‘बाप’ म्हणून तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव होतं. त्या ओळीवरून माझी नजर दोनदा फिरली असेल आणि दोन्ही वेळा मी पुढे गेले असेन.

तिला बाहेर काढलं ते लग्नाच्या नोंदीनं, आणि तीही मला सापडली नाही, पलीकडच्या, म्हणजे मॉरिशसमधल्या तिच्या वंशजांच्या घराला सापडली. त्यांचं पत्र ओळखीतून ओळखीतून माझ्यापर्यंत आलं. ते मुळात आपल्या मूळपुरुषाचं गाव शोधत होते आणि तिथे अडले होते. मग त्यांनी विचार केला, नवऱ्याचं गाव लागत नसेल तर बायकोचं लागतं का पाहू. त्यांनी मूळ पानाची प्रत मागवली. मला पाठवलेल्या छायाचित्रात पानाचा उजवा कोपरा किडीनं खाल्लेला आहे, शाई तपकिरी पडली आहे. वधूचं नाव आमच्या कुणालाच ठाऊक नसलेलं. पुढे बापाचं नाव आणि आईचं नाव. वंशावळीतली तीच दोन नावं, फक्त अक्षरं वेडीवाकडी. गावाचं नाव इतकं मोडलेलं की सातआठ गावांना लागू पडावं. खाली सहीच्या जागी तिनं मारलेली फुली. आणि त्याखाली साक्षीदार.

त्या साक्षीदारापाशी मी हट्टानं थांबले. परमुलखात लग्नाला साक्षीदार म्हणून माणूस कुणाला उभं करतो? जहाजावरच्या सोबत्याला, जहाजभावाला, गाववाल्याला. एका साक्षीदाराच्या नावापुढे त्याचा क्रमांक होता. त्या क्रमांकावरून त्याची आगमनाची नोंद काढली, तर तिथे गावाचं नाव स्वच्छ लिहिलेलं. आमच्या गावाच्या खाडीपलीकडचं गाव. मग त्याच जहाजाची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि ती भेटली. वय वीस लिहिलेलं. डाव्या मनगटावर गोंदण.

आजी खोटं बोलत नव्हती. घरात जे सांगितलं गेलं तेच ती सांगत होती. तरुण विधवा मुलगी जहाजावर चढली, असं सांगण्यापेक्षा ती बुडाली असं सांगणं त्या काळी सोपं गेलं असेल. तिच्या भावांना खरं काय ते ठाऊक होतं का, हा प्रश्न मला अजून रात्री जागं ठेवतो.

या शोधात मला एक गोष्ट पटली. जहाजाच्या वहीपेक्षा लग्नाची नोंद जास्त बोलते. जहाजावर चढताना घाई असते, दलालानं पढवलेलं असतं, घाबरून माणूस जात बदलून सांगतो, गाव लपवतो. लग्न होतं ते दोनचार वर्षं तिथे काढल्यावर. तोवर भीती थोडी ओसरलेली असते. आईबापांची नावं विचारली की माणूस ती सांगतो. गाव सांगतो. आणि साक्षीला आपलं माणूस उभं करतो. हरवलेल्या नातलगाच्या शोधात लग्नाच्या नोंदीइतका जिवंत कागद मी दुसरा पाहिला नाही.

ही कागदाची किंमत त्या काळच्या माणसांनाही कळून चुकली होती. दक्षिण आफ्रिकेत मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला आणि हिंदू, मुस्लिम, पारशी रीतीनं झालेली लग्नं कायद्याच्या दृष्टीनं लग्नंच ठरेनात. एका निकालानं बायका रखेल्या ठरल्या आणि मुलं अनौरस. त्याच वर्षीच्या सत्याग्रहात बायका उतरल्या, कस्तुरबा तुरुंगात गेल्या, आणि १९१४च्या कायद्यानं ती लग्नं मान्य करावी लागली. त्रिनिदादमध्ये हिंदू लग्नाला कायद्याची मान्यता मिळायला १९४५ उजाडलं. तोवर मांडवात झालेल्या लग्नाची सरकारदरबारी ओळख नव्हती, मुलं अनौरस म्हणून नोंदली जात. अशा नोंदींत बाप शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. आईचं नाव धरावं लागतं.

आणि तरीही सूच्या होतात त्या बहुतेक पुरुषाच्या नावानं. लग्नाची वही असली तर वराचं नाव घेतलं जातं. मी पाहिलेल्या एका सूचीत वधूला जागाच नव्हती, साक्षीदारांची तर गोष्टच सोडा. ज्यानं कुणी ती केली त्याच्या मनात काही वाईट नसणार. वेळ कमी, पैसा कमी, रकाने चौदा, त्यांतले चार घ्या, असं कुणीतरी ठरवलं असेल. पण गाळलेल्या दहा रकान्यांत निम्मी माणसं राहून गेली.

सगळे रकाने घेतले तर काय होऊ शकतं याची उदाहरणं आहेत. कलकत्त्याहून फिजीला जाणाऱ्याच्या परवान्यावर जिल्हा, ठाणं, गाव, जवळच्या नातलगाचं नाव, आणि लग्न झालं असल्यास कुणाशी, असे रकाने छापलेले असत. फिजीचे इतिहासकार ब्रिज लाल यांनी असे ४५,४३९ परवाने वाचून त्यांतली माहिती संगणकात भरली. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं फिजीला गेली. कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या जातींतून, किती बायका एकट्या, किती कुटुंबासह, हे त्या रकान्यांमुळे पुढे आलं. बायका म्हणजे पुरुषांच्या मागे फरफटत गेलेल्या, हा समज त्यातून खोटा ठरला. कित्येकजणी एकट्या निघाल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत १८६० ते १९११ मध्ये गेलेल्या १,५२,१८४ जणांच्या जहाजयाद्या आज लोकांना पाहायला मिळतात. सुरीनामला गेलेल्या ३४ हजारांची यादी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधता येते. या याद्यांत कुणीतरी रात्री दोन वाजता आपल्या आजीचा गाव टाइप करत असतो, हे आपण विसरू नये.

आता आपल्या घरचं बोलते. इकडे एकोणिसाव्या शतकातल्या हिंदू लग्नाची सरकारी नोंद शोधायला जाल तर निराश व्हाल. मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा आला १९५३ साली. त्याआधी लग्न मांडवात व्हायचं आणि गावाच्या डोक्यात राहायचं. पेशवाईत लग्नावरचा कर लग्नटका आणि पाटाच्या लग्नावरचा पाटदाम वसूल होत. म्हणजे दरबाराला लग्नाशी देणंघेणं नव्हतं, लग्नावरच्या पैशाशी होतं. पण त्या पैशाच्या निमित्तानं मोडीत चार नावं उतरली. तेव्हा इकडचा शोध वाकड्या वाटेनंच घ्यावा लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे, घराण्याप्रमाणे पिढ्या मांडलेल्या असतात, आणि यात्रेला आलेली सून कधी कधी माहेरच्या उल्लेखासकट येते. कोतवाल बुकात जन्ममृत्यू असतात. फेरफारात वारस असतात. कूळ गाव सोडून गेलं असेल तर ‘परागंदा’ असा एकच शब्द असतो, आणि मला तर हल्ली तो शब्द दिसला की तिकडच्या जहाजांच्या तारखा आठवतात. जुन्या घरांतल्या लग्नखर्चाच्या याद्या आणि आहेराच्या याद्या रद्दीत देऊ नका, असं मी भेटेल त्याला सांगते. कुणी, कुठल्या गावाहून, काय आहेर केला, यावरून मुलगी कुठल्या घरात दिली ते बिनचूक कळतं.

हे कागद वाचले जाऊ शकतात, हे महाराष्ट्रानं नुकतंच पाहिलं आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली दफ्तरं उघडली गेली, मोडी वाचकांना बोलावलं गेलं, लाखो कुणबी नोंदी सापडल्या आणि त्या संकेतस्थळांवर चढल्या. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला जायचं नाही. मला दिसलं ते इतकंच की मनावर घेतलं तर हे होतं. मात्र तो शोध एका शब्दासाठी होता. पान उघडलं, शब्द टिपला, पान मिटलं. त्याच पानावर कुणाची आजी, कुणाची परागंदा झालेली आत्या होती. पुढच्या वेळी ते पान उघडाल तेव्हा ते पूर्ण उतरवून घ्या, एवढं माझं मागणं आहे.

पूर्ण म्हणजे कसं, तेही सांगते. वहीत जितके रकाने तितके सूचीत घ्या. बाईला तिची स्वतःची ओळ द्या; नवऱ्याच्या ओळीत ‘पत्नीसह’ म्हणून तिला गुंडाळू नका. साक्षीदार, जामीन, जवळचा नातलग, हे सगळे शोधात सापडले पाहिजेत. बापाच्या रकान्यातलं नाव बापाचंच असेल असं धरून चालू नका. मराठी बाईच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि कृपा करून स्पेलिंग सुधारू नका. पानावर जसं आहे तसं अक्षरशः उतरवा, तुमचा तर्क शेजारी वेगळा लिहा. मोडलेल्या नावात कारकुनाच्या कानाचा पुरावा असतो. ते एकदा ‘शुद्ध’ केलं की मागे जायची वाट बंद होते. रत्नागिरीच एकेका वहीत किती रूपांत भेटते, ते तुम्ही रोज पाहत असाल.

शक्य तिथे पानाचं छायाचित्रही खुलं करा. उतरवणाऱ्याकडून चूक होते, माझ्याकडूनही होते. छायाचित्र समोर असलं तर दुसऱ्याला ती दुरुस्त करता येते. खाजगीपणाचा मुद्दा मला मान्य आहे. हयात माणसाची नोंद उघडी करू नये. जातीच्या आणि आजाराच्या रकान्यांचा कुणी गैरवापर करू शकतो, त्यासाठी नियम हवेत. पण दीडशे वर्षांपूर्वी जहाजावर चढलेल्या बाईचं नाव झाकून ठेवण्यात तिचं कुठलं हित आहे?

घाई करायला आणखी एक कारण झालं आहे. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय वंशजांना मिळणारं ओळखपत्र) देण्याची तरतूद झाल्याचं राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मार्च २०२४ मध्ये पोर्ट लुईत जाहीर केलं. सातवी पिढी म्हणजे थेट त्या पायऱ्या चढलेल्यांपर्यंतचा धागा. कार्डासाठी लोक तिकडचे कागद काढतील, आणि ते काढताना गावाचं नाव हाती आलं की इकडे चौकशी करतील. आता ती पत्रं माझ्याकडे आधीपेक्षा जास्त येतात. कुणाला जमीन नको आहे, वाटणी नको आहे. इकडच्या घरांना मात्र तीच धास्ती वाटते आणि म्हणून दारं उघडत नाहीत, हे मी दोनतीन ठिकाणी जवळून पाहिलं. पलीकडच्या घरातल्या थोरल्या बाईंनी मला पहिल्याच पत्रात विचारलं होतं, “तिची आठवण तुमच्याकडे कोणी काढत होतं का?” मी काय उत्तर देणार? वंशावळीचा फोटो पाठवला. ‘कन्या १’वर बोट ठेवून काढलेला.

त्यांनी उलट टपाली लग्नाच्या नोंदीतलं तिचं नाव मला देवनागरीत, थरथरत्या अक्षरात लिहून पाठवलं. मी ते आजोबांच्या नक्कलेत, त्याच रेघेवर, शाईनं लिहिलं. मांजरपाटावर शाई थोडी पसरली.

मला मोडी वाचता येतं. फारसी शब्द अडले तर विचारायला माझे जुने गुरुजी आहेत. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले चार दिवस मोकळी असते. आपल्यापैकी ज्यांच्याकडे वही आहे आणि माणूस नाही, त्यांनी हाक मारावी. मी डबा आणि भिंग घेऊन येईन आणि सांगाल त्या टेबलाशी बसेन. मानधनाचं बघू नका. फक्त सुरू करण्याआधी सूचीचे रकाने किती धरले आहेत, ते मला एकदा दाखवा.

आपली नम्र,
वंशावळीतली आणखी एक कन्या